अण्णांच्या चार्टवर आमची गाडी

"पोझिशन काय?"

पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी अण्णांचा पहिला फोन आला तो असा. मुलं उठली का, थंडी आहे का, काही नाही. सरळ पोझिशन. मी म्हटलं, "शिक्रापूर." पलीकडे कागदाची खसखस ऐकू आली, मग "ठीक" आणि फोन बंद. नवऱ्याने एक सुस्कारा सोडला. "हे असं भुसावळपर्यंत चालणार का?"

चालणारच होतं. अण्णा म्हणजे माझे वडील. वय ७८. रेल्वेच्या भुसावळ विभागातून सेक्शन कंट्रोलर म्हणून निवृत्त झाले त्याला अठरा वर्षं झाली. नोकरीची सुरुवातीची वर्षं गाळण, माहेजी, नायडोंगरी अशा छोट्या स्टेशनांवर असिस्टंट स्टेशन मास्तर म्हणून गेली. पुढची सगळी कंट्रोल ऑफिसात, कानाला हेडफोन लावून.

ज्यांच्या घरात रेल्वे नाही त्यांच्यासाठी सांगते. कंट्रोलरपुढे टेबल व्यापून टाकणारा एक कागद असायचा. आडव्या बाजूला वेळ, उभ्या बाजूला स्टेशनं. स्टेशन मास्तर फोनवर सांगणार, अमुक गाडी इतक्याला गेली, की कंट्रोलर त्या जागी ठिपका देऊन मागच्या ठिपक्याला पट्टीने जोडणार. गाडी जोरात असेल तर रेघ उभी, रेंगाळत असेल तर लोळलेली. आणि रेघ साफ आडवी झाली म्हणजे गाडी उभी आहे. मग तिच्याशेजारी बारीक अक्षरात कारण लिहायचं. का थांबली, कुठे थांबली, किती मिनिटं. आता हे सगळं संगणकावर होतं. अण्णांच्या मते त्यामुळे कंट्रोलर लोकांची अक्षरं बिघडली.

तर या माणसाची मुलगी, जावई आणि दोन नातवंडं यंदा नाताळला रस्त्याने येणार होती. अण्णांच्या दृष्टीने हा जवळजवळ धर्मांतराचा प्रकार होता.

चूक माझीच. पूर्वी चार महिने आधी रिझर्व्हेशन उघडायचं, नोव्हेंबर २०२४ पासून ते साठ दिवसांवर आलं. अण्णांनी ऑक्टोबरात मला तारीख सांगितली, आदल्या रात्री आठवण करून दिली, आणि मी नेमकी त्या सकाळी थोरल्याच्या शाळेत पालकसभेला बसले. बाहेर येऊन बघते तर महाराष्ट्र एक्स्प्रेसही गेली, आझाद हिंदही गेली. वेटिंग एवढं की ते सांगताना माझा आवाज आपोआप खाली गेला. अण्णा रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "मग कशाने येणार?" मी म्हटलं, कारने. बराच वेळ काही नाही. मग आईच फोनवर आली आणि म्हणाली, "कशानेही या, पण या."

दोन दिवसांनी अण्णांनी परवानगी दिली, एका अटीवर. मोबाइल आम्हाला छत्रपती संभाजीनगर, अजिंठा, जळगाव असा रस्ता दाखवत होता. अंतरही कमी, वेळही कमी. अण्णा म्हणाले, "त्या बाजूने एक तरी स्टेशन आहे का? तुमची पोझिशन मी लावू कुठे?" नवऱ्याने नाशिक-धुळे सुचवून बघितलं, महामार्ग चांगला म्हणून. तेही नामंजूर. "नगर, मनमाड, नांदगाव, चाळीसगाव, पाचोरा, जळगाव. रुळाच्या बाजूबाजूने या. काही झालं तर निदान माणूस सापडतो."

म्हणजे जवळजवळ आमची नेहमीची गाडी जाते त्याच वाटेने, फक्त रुळांऐवजी खड्ड्यांतून.

२३ डिसेंबरला पहाटे चार चाळीसला पुण्यातली वाघोली सोडली. डिकीत दोन बॅगा, आईच्या गुडघ्यांचं तेल, चर्चच्या संडे स्कूलसाठी चाळीस टोप्या, आणि नगरच्या सासूबाईंनी आधीच पाठवून ठेवलेला अनारशांचा डबा. या डब्याला धाकटीने तिच्या पायाशी जागा दिली होती आणि तो सुप्यापर्यंतही पूर्ण पोचला नाही.

नगरला सात वाजता होतो. शहराचं नाव आता अहिल्यानगर, पण नवऱ्याच्या तोंडात नगरच. त्याचं घर अमेरिकन मराठी मिशनच्या ख्रिस्ती परंपरेतलं, माझं खान्देशातलं, अलायन्स मिशनचं. आमच्या लग्नात दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांनी एका गीताची खरी चाल कोणती यावर मांडवात अर्धा तास वाद घातला होता आणि शेवटी दोन्ही चालींत एकदम गायले. ते गीत रेव्हरंड टिळकांचं होतं एवढं नक्की. नारायण वामन टिळक याच शहरात राहिले, आणि त्यांच्या घरी काही काळ एक खान्देशी पोरगा राहायला होता, धरणगावचा, त्र्यंबक ठोमरे नावाचा. बालकवी. थोरल्याला त्यांची कविता पाठ आहे, पण कवी कुठल्या गावचा हे त्याला माहीत नव्हतं. मी सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे आपण जातोय तिकडचा?" म्हटलं हो, संध्याकाळी अजून एक गोष्ट सांगते. संध्याकाळी अशासाठी की ती गोष्ट भादलीची आहे आणि भादली भुसावळच्या अलीकडे येते.

नगर ते मनमाड या रस्त्याबद्दल मी काही लिहिणार नाही. जे गेलेत त्यांना माहीत आहे, जे गेले नाहीत त्यांनी जाऊ नये. वर उसाचा हंगाम. राहुरीपासून पुढे ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, आणि ऊस दोन्ही अंगांनी बाहेर. ओव्हरटेक करायचा तर आधी देवाचं नाव घ्यायचं. शिर्डीला नाताळच्या सुट्टीची गर्दी, ती आणखी वेगळी. अण्णांचे फोन मात्र अगदी वेळेवर. राहुरी. "चौदा मिनिटं लेट." कोपरगाव. "बत्तीस." येवला. "चाळीस. मेकअप करायला जागा नाही आता." हा मेकअप म्हणजे गेलेला वेळ भरून काढणं. धाकटीला वाटलं आजोबा आईच्या लिपस्टिकबद्दल बोलताहेत.

मनमाडला पुलावरून खाली यार्ड दिसलं आणि मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. खरं तर घर अजून पावणेदोनशे किलोमीटर. पण माझ्या लहानपणी खान्देशची हद्द जिल्ह्यांच्या नकाशावर नव्हती. मनमाडला 'चाय गरम'च्या आरोळीने जाग यायची आणि अण्णा म्हणायचे, "आपल्या सेक्शनमध्ये आलो." मग पुढची स्टेशनं आम्ही भावंडं पाढ्यासारखी म्हणायचो. पानेवाडी, हिसवहळ, पांझण, नांदगाव. पिंपरखेड, नायडोंगरी, रोहिणी, हिरापूर, चाळीसगाव. वाघळी, कजगाव, नगरदेवळा, गाळण, पाचोरा. परधाडे, माहेजी, म्हसावद, शिरसोली, जळगाव. भादली, भुसावळ. आजही झोप येत नसली की मी मेंढ्या मोजत नाही, ही म्हणते. बहुतेक वेळा माहेजीच्या पुढे जात नाही.

नांदगाव सोडल्यावर रस्त्याकडेच्या बाभळी पांढऱ्या झाल्या. वेचणीचा हंगाम, कापसाने तट्ट भरलेल्या गाड्या जिनिंगकडे निघालेल्या. वरून जाळी बांधलेली असते, पण फांद्या येता-जाता त्या गाड्यांना विंचरून घेतात. काट्याकाट्याला कापसाचे पुंजके. धाकटी काचेला नाक लावून ओरडली, "स्नो!" थोरला अकरा वर्षांचा आहे, त्याने लगेच चूक दुरुस्त केली. मी मात्र गप्प बसले, कारण आमच्या घरच्या ख्रिसमस ट्रीवर जन्मभर हाच स्नो होता. शेजारच्या पाटील काकू शेतातून पिशवीभर कापूस पाठवायच्या, आई तो सरकीसकट सुरूच्या फांदीवर ठेवायची, आणि नाताळ झाला की सगळा गोळा करून परत पिशवीत. जानेवारीत त्याच्याच वाती व्हायच्या, काकूंच्या देवघरासाठी. आमच्या झाडावरचा बर्फ त्यांच्या देवापुढे जळायचा, आणि त्यात कोणाला काही विशेष वाटायचं नाही.

एक वाजून पाच मिनिटांनी, न्यायडोंगरीच्या, म्हणजे आमच्या पाढ्यातल्या नायडोंगरीच्या, थोडं अलीकडे, गाडीचं मागचं डावं चाक खड्ड्यात बसलं. असा आवाज आला की मला वाटलं डबाच पडला. नवरा उतरला, बघितलं, आणि काही न बोलता डिकी उघडली. स्टेपनी काढली. स्टेपनी जमिनीवर टेकवली तेव्हा ती उशीसारखी दबली. निघण्याच्या आदल्या दिवशी पुण्यात ज्या गॅरेजमध्ये गाडी तपासून घेतली, त्यांच्या पावतीवर 'पाचही चाकांची हवा' असं लिहून पुढे टिकमार्क होता. मी ती पावती जपून ठेवली आहे. का, ते विचारू नका.

आजूबाजूला कपाशी, लांबवर रूळ, आणि चिटपाखरू नाही. तेवढ्यात फोन. "पोझिशन काय?"

सांगितलं. मला वाटलं अण्णा घाबरतील. पण त्यांचा आवाज उलट खाली आला, सपाट झाला. हा आवाज मी खूप वर्षांनी ऐकला. लहानपणी रात्री कधी डबा घेऊन कंट्रोल ऑफिसात गेले तर तिथे ते असे बोलायचे. "गाडी रस्त्याच्या बाजूला आहे? मुलं उतरवली? रहदारीच्या बाजूला उभे राहू नका. आता ऐक. न्यायडोंगरी गावात जा, स्टेशनकडे वळतो तिथे उजव्या हाताला सायकलचं दुकान आहे. मालकाला माझं नाव सांग."

"अण्णा, तुम्ही तिथे कधी होतात?"

"संपाच्या वर्षी."

म्हणजे १९७४, रेल्वेच्या संपाचं वर्ष. मी नवऱ्याकडे बघितलं, त्याने माझ्याकडे. तरी तो एका मोटरसायकलवाल्याच्या मागे स्टेपनी मांडीवर घेऊन गेला, दुसरा इलाज काय होता? सायकलचं दुकान अर्थातच नव्हतं. तिथे मोबाइलचं दुकान होतं, रिचार्ज, कव्हर, स्क्रीनगार्ड. पण काउंटरवरच्या मुलाने अण्णांचं नाव ऐकून आत हाक मारली, आतून त्याचे आजोबा आले, कानाला हात लावून दोनदा नाव ऐकून घेतलं, आणि म्हणाले, "तो किरिस्ती मास्तर? बुद्धिबळवाला?" सायकलचं दुकान त्यांच्याच वडिलांचं. पुढचं सगळं त्यांनी केलं. पंक्चरवाला बोलावला, त्याला नवऱ्यासोबत गाडीपर्यंत धाडला.

पंक्चरवाल्याने आमची स्टेपनी दोन बोटांनी दाबून बघितली आणि आधी मला विचारलं, "कथा जाई ऱ्हायनात, ताई?" भुसावळले, मी म्हटलं. माझी अहिराणी एवढीच, बाकी समजते पण जीभ वळत नाही. तो म्हणाला, "हाई स्टेपनी शे का फुगा?" टायर आतून फाटलेलं होतं, आणि फुग्यालाही पंक्चर होतंच. हवा आणायला परत गाव, परत येणं. सव्वादोन तास गेले. शेजारच्या वावरातून एका बाईने, आमच्यापैकी कोणालाही न विचारता, मुलांना उसाची दोन कांडकी दिली. पुण्यात रसवंतीचा रस पिणारी माझी मुलं ऊस सोलायला दात कुठून लावायचे यावरच पंधरा मिनिटं अडली. ती बाई कंबरेवर हात ठेवून बघत उभी होती. तिला इतकी करमणूक बऱ्याच दिवसांत झाली नसावी.

पंक्चरवाल्याने दीडशे रुपये घेतले. जास्त देऊ केले तर म्हणाला, मास्तरच्या पोरीकडून?

चाळीसगावला स्टेशनजवळ चहा घेतला. या गावात केकी मूस नावाचा मोठा छायाचित्रकार राहायचा. घराबाहेर क्वचितच पडलेला. लोक सांगतात, त्याची प्रेयसी पंजाब मेलने येणार म्हणाली होती, म्हणून तो रोज रात्री घर उजळून, दोघांचं ताट मांडून मेल जाईपर्यंत वाट बघायचा. मूस गेले १९८९ साली, ३१ डिसेंबरला. खरं-खोटं कोणी सांगावं, पण अण्णांचा या गोष्टीवर एक तांत्रिक आक्षेप आहे. मेल लेट असली तर त्याला कळायचं कसं? "नाही तर बिचाऱ्याचं जेवण गार. त्याने कंट्रोलला ओळख ठेवायला हवी होती."

कजगाव, भडगाव, पाचोरा. पाचोऱ्याला थोरल्याला 'पीजे' दाखवायची होती, पाचोरा-जामनेरची नॅरोगेज. तिच्या डब्यातून मी लहानपणी एकदा उतरून, बाजूने पळून, परत चढले होते, असं मी मुलांना नेहमी सांगते. पण ती गाडी २०२० च्या लॉकडाऊनमध्ये थांबली ती थांबलीच. आणि आता अंधारही पडत होता. शिरसोलीच्या आसपास पहिल्या केळीच्या बागा हेडलाइटमध्ये आल्या, आणि काच खाली केल्यावर तो ओलसर गारवा, जो केळीच्या बागेशेजारूनच येतो.

जळगाव ओलांडलं. नशिराबादच्या आसपास डाव्या हाताला अंधारात भादली आहे. मग गोष्ट सांगितली. १९०७ साली जळगावात कविसंमेलन भरलं, त्यात या ठोमरेने कविता म्हटली तेव्हा तो पोरसवदा होता, तिथेच त्याला बालकवी म्हणू लागले. आणि ५ मे १९१८ ला याच भादली स्टेशनजवळ तो मालगाडीखाली आला. वय सत्तावीस. अण्णा गाडीत असले की भादलीला बोलणं थांबवायचे. एकदा मी विचारलं, तुम्ही तर तेव्हा जन्मलाही नव्हता. ते म्हणाले, "आपल्या सेक्शनमध्ये झालं ना."

थोरला गप्प झाला. धाकटी झोपली होती.

सात पस्तीसला भुसावळ. अण्णा फाटकात उभे, मफलर, माकडटोपी, हातात पेन. जवळ आले, मुलांना कुरवाळलं, जावयाचा हात दोन्ही हातांत घेऊन "सलाम" म्हणाले आणि मग घड्याळ बघून मला: "चार तास पाच मिनिटं." शेजारून पाटील काकूंचा आवाज आला, "आली का व माय! अण्णा सकाळपासून कागद घेऊन बसेल आहेत. पोऱ्हं जेवेल आहेत का?"

धाकटी जागी होऊन माझ्या कानात म्हणाली, "जेवेल? उद्या?" तिच्या पुस्तकात जेवेल हा भविष्यकाळ आहे. भुसावळात तो झालेल्या जेवणाचा आहे. मी म्हटलं, काकूंकडे गेलीस की कळेल, तिथे दोन्ही काळ लागू आहेत.

चोवीस तारखेची दुपार काकूंच्या अंगणात गेली, कारण नाताळ असो नसो, डिसेंबरात भुसावळला आलेला माणूस भरीत खाल्ल्याशिवाय परत जात नाही. वांगी बामणोदची. हिरवी, पांढऱ्या रेघांची, एकेक वांगं धाकटीच्या तोंडाएवढं. जळगावच्या या वांग्याला २०१६ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं. काकूंना मी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "त्याच्यानं चव वाढली का?" कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा जाळ, त्यात वांगी पुरायची, कातडी काळी होऊन फुटली की काढायची. गॅसवर भाजलेल्या वांग्याला हा वास येतच नाही, त्यावर वाद नको. मग लाकडाच्या बडगीत हिरव्या मिरच्या आणि लसूण, वर वांगी, आणि ठेचणं. थोरल्याने मुसळ हातात घेतलं तेव्हा काकूंनी त्याला सांगितलं, मारू नको, दाब. वर कांद्याची पात, कोथिंबीर, शेंगदाणे, आणि तेल एवढं की पुण्यातला डॉक्टर बेशुद्ध पडेल. सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी. नवरा नगरचा, तिखटाच्या गप्पा नेहमी मोठ्या. तिसऱ्या घासाला त्याने डोळे पुसले आणि म्हणाला धूर लागला.

बदल्यात आईकडून काकूंकडे करंज्या, चकल्या, शंकरपाळ्या आणि नानकटाई. हे दिवाळीच्या ताटाचं उत्तर आहे, गेली चाळीस वर्षं. नानकटाई पूर्वी पीठ-तूप-साखर घेऊन बेकरीत भाजायला न्यायचो, पत्र्यावर खडूने घरचं नाव लिहून. आता आई ओव्हनमध्ये करते. चांगली होते, पण बेकरीत नंबर लावून उभं राहण्यात जी भांडणं व्हायची ती गेली.

रात्री चर्च. थंडी अशी की बाकं बर्फाची. गव्हाणीला केळीच्या पानांचं छप्पर केलेलं, खाली कडबा, आणि माझ्या चाळीस टोप्या घातलेली पोरं मेंढपाळ म्हणून रांगेत. त्यात एक मेंढपाळ झोपला. टिळकांचं गीत आलं तेव्हा नवऱ्याने हट्टाने नगरची चाल धरली आणि अण्णांनी मान न वळवता आवाज वाढवला. प्रार्थना सुरू असताना लांबून इंजिनाचा हॉर्न आला. सगळ्यांचे डोळे मिटलेले. अण्णांनी मात्र डोळे न उघडता मनगट वर केलं, एक डोळा किलकिला करून घड्याळ बघितलं, आणि परत मिटला. आमेन त्यांनी जरा समाधानाने म्हटलं, बहुधा ती वेळेवर होती.

चार्ट मला दिसला पंचवीसच्या दुपारी. मटण जेवून सगळे आडवे झाले होते, मी चष्मा शोधत अण्णांच्या टेबलाशी गेले. आलेखाचे दोन कागद मागून चिकटवून जोडलेले. वर वाघोली, खाली भुसावळ, मध्ये सगळी स्टेशनं, आणि जिथे आमचा रस्ता स्टेशनाला लागत नाही तिथे कंसात गावाचं नाव. पेन्सिलची एक रेघ, सरळ, पट्टीने मारलेली: आम्ही कसं यायला हवं होतं. साडेतीनला भुसावळ. आणि निळ्या पेनाची दुसरी, आम्ही कसे आलो. राहुरीपासून लोळत गेलेली. त्यांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय, त्यामुळे ठिपके थोडे सरकलेले. पण अक्षर तेच, मुंगीएवढं. सुपा: "चहा. ११ मि." कोपरगाव: "ट्रॅक्टर." न्यायडोंगरीला रेघ आडवी, सव्वादोन तास, बोटभर लांब. तिच्या वर:

"चाक. स्टेपनी निकामी. मुले ऊस खात आहेत. सर्व सुरक्षित."

आई मागे येऊन उभी राहिली. म्हणाली, "त्या सव्वादोन तासांत जेवले नाहीत. मी म्हटलं, अहो, उसाचं कळलंय ना, आता तरी बसा. तर म्हणे गाडी हलू दे." मग तिने टेबलाचा खालचा खण पायाने उघडला, गुडघ्यांमुळे ती वाकत नाही. आत तसल्याच कागदांच्या गुंडाळ्या, रबर लावलेल्या. मी पुण्याला शिकायला गेले त्या वर्षापासूनच्या. मी एकच उघडली. महाराष्ट्र एक्स्प्रेस, माझा सीट नंबर, आणि दौंडला पन्नास मिनिटांच्या आडव्या रेघेवर: "इंजिन. मुलीला खिडकी मिळाली आहे." मी ती होती तशी परत गुंडाळून ठेवली.

२८ तारखेला पहाटे निघालो. आईने करंज्यांचा डबा दिला, केळीचा अर्धा घड दिला, नको नको म्हणताना भरताची दोन किलो वांगी दिली. नवीन टायर जळगावात टाकून घेतलं होतं, आणि स्टेपनीची हवा अण्णांनी स्वतः समोर उभं राहून भरून घेतली. मीटरचा काटा त्यांना दिसला नसणार, पण त्यांनी तीनदा वाचायला लावला.

पाचोऱ्यापर्यंत आम्ही पाच मिनिटं आधी होतो. "बिफोर टाइम," अण्णा म्हणाले, आणि आवाजात इतका आनंद की मला चाळीसगावला चहासाठी थांबायचा धीर झाला नाही. पण न्यायडोंगरीला मी नवऱ्याला गावात वळायला सांगितलं. मोबाइलच्या दुकानापुढे गाडी उभी केली. आजोबा बाहेर खुर्चीवर उन्हात बसले होते. त्यांना एक डबा दिला, पंक्चरवाल्यासाठी एक ठेवला. धाकटीला विचारून त्यांनी तिची इयत्ता लक्षात ठेवली, आणि मास्तरला सांग म्हणाले, तो डाव अजून अर्धा आहे.

गाडीत बसताना फोन वाजला.

"पोझिशन काय?"

"न्यायडोंगरी. उभी आहे."

"किती वेळ?"

"दहा मिनिटं झाली."

"कारण?"

"करंज्या द्यायच्या होत्या. आणि ते आजोबा म्हणताहेत डाव अर्धा राहिलाय."

पलीकडे पेनाचं टोपण उघडल्याचा आवाज झाला. "थांब," अण्णा म्हणाले, "लिहून घेतो."